चोवीस तासांचा पेपर

ओटीपी मागणाऱ्या फोनबद्दल आम्ही इथं बोललो होतो, तेव्हापासून आमच्याकडे दोन प्रकारचे प्रश्न येताहेत. एक म्हणजे गेलेले पैसे परत मिळतात का. त्यावर सवडीनं पुन्हा बोलू, तोवर १९३० हा मदतीचा नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. दुसरा प्रश्न मुलींचा आहे. काही कॉलेजातल्या, काही नुकत्याच पदवी घेतलेल्या, आणि दोघीतिघी तर मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा वही उघडून बसलेल्या. त्या विचारतात, ‘तुम्ही करता ते काम शिकायचं तर ती चोवीस तासांची परीक्षा द्यावीच लागते का? आणि चोवीस तास माणूस बसतं तरी कसं?’

द्यावीच लागते असं काही नाही. या कामात ती न देता आलेल्या पुष्कळ जणी आहेत. पण नोकरीच्या जाहिरातीत तिचं नाव वारंवार दिसतं, आणि ज्या मुलीच्या मागं मोठं कॉलेज नाही, ओळखपाळख नाही, तिला ती दार उघडून देते हेही खरं. आम्ही चौघी दोन वर्षं एकत्र अभ्यास करत होतो. तिघींची परीक्षा झाली. तिघींपैकी एक पहिल्यांदा नापास झाली, आणि आज बोलायचं ते मुख्यतः तिच्या त्या रात्रीमुळं.

आधी परीक्षा काय आहे ते सांगतो. तिचं नाव ओएससीपी. ऑफसेक नावाची कंपनी ती घेते. काली लिनक्स ही संगणकप्रणाली सांभाळते तीच कंपनी. परीक्षेत प्रश्नपत्रिका नसते. घरच्या संगणकावरून एका बंदिस्त जाळ्यात आपल्याला जोडून देतात आणि तिथली काही मशीन आपल्यासमोर ठेवतात. त्यांच्यात कुठं फट राहिली आहे ते शोधायचं, तिथून आत शिरायचं, आणि आत गेल्यावर साध्या वापरकर्त्याचे अधिकार मालकाच्या अधिकारापर्यंत वाढवून दाखवायचे. हे सगळं त्यांच्या परवानगीनं, त्यांनी मांडून दिलेल्या मशीनवर. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा आपल्याकडं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६व्या कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजारच्या वायफायवर ‘सराव’ करणाऱ्या भावंडांना हे जरूर सांगा.

वेळ असतो २३ तास ४५ मिनिटं. तो संपला की काय केलं, कसं केलं, याचा सविस्तर रिपोर्ट लिहून द्यायला आणखी २४ तास. गुण शंभर, पास व्हायला सत्तर. शंभरातले चाळीस एका जोडलेल्या तीन मशीनच्या संचाला असतात, त्याला अॅक्टिव्ह डिरेक्टरीचा संच म्हणतात; मोठ्या ऑफिसात सगळे संगणक एका मुख्य सर्व्हरच्या हुकमतीत असतात, तशी ती मांडणी. उरलेले साठ तीन सुट्या मशीनचे, प्रत्येकी वीस. आत शिरलात तर दहा, पूर्ण ताबा मिळवलात तर आणखी दहा. पूर्वी त्या संचाचे चाळीस गुण मिळाले तर सगळे, नाहीतर शून्य असे होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १०, १० आणि २० असे तुकड्यांत मिळतात, त्या संचात शिरायला पहिलं नाव आणि पासवर्ड हातात देतात, पण अभ्यासक्रमातल्या सरावाचे जादा दहा गुण मात्र बंद झाले.

हे आकडे नीट समजून घ्या, कारण वेळेचं सगळं गणित त्यांच्यावर उभं आहे. सत्तर गुणांसाठी सगळं सुटायला लागत नाही. संच पूर्ण सुटला आणि एक सुटं मशीन पूर्ण झालं की साठ. मग दुसऱ्या कुठल्याही मशीनमध्ये फक्त शिरलात तरी सत्तर. उलट संचात पहिल्या पायरीवरच अडकलात, म्हणजे दहाच मिळाले, तरी तिन्ही सुटी मशीन केली की सत्तर होतात. म्हणजे वाटा अनेक आहेत. आमच्या मैत्रिणीची चूक झाली ती इथंच. तिनं त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता साठ गुण खिशात घातले होते. हवे होते दहा. राहिली होती दोन मशीन.

त्या मशीनमध्ये काय होतं ते सांगता येणार नाही. परीक्षेतला मजकूर बाहेर बोलायचा नाही, हा नियम आम्ही मान्य करून बसलो होतो. तिनं काय केलं ते मात्र सांगता येतं. पाच वाजता ती एका मशीनसमोर बसली आणि तिला वाटलं, हे तर अगदी जवळ आलंय. सात वाजता तेच वाटलं. जेवायला उठली नाही. रात्री अकरा वाजता तेच वाटलं. दुसऱ्या मशीनकडं तिनं जेमतेम वीस मिनिटं पाहिलं होतं. पहाटे दोनला ती सकाळी केलेल्या गोष्टीच पुन्हा करत होती, आणि त्या आपण केल्या आहेत हे तिच्या ध्यानातही नव्हतं. पावणेनऊला वेळ संपला तेव्हा गुण साठच. त्या दिवशी ती झोपली. संध्याकाळी उठून तिनं आपल्याच नोंदी वाचल्या, तर सकाळी अकरा वाजता तिनं स्वतः उतरवून ठेवलेलं एक नाव तिथं होतं. ते तिनं एकदाही वापरून पाहिलं नव्हतं.

गावाकडं चकव्याच्या गोष्टी ऐकल्या असतील. रात्री शेतातून येणारा माणूस वाट चुकतो, त्याच बांधाला पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी त्याला वाटतं की आता घर आलंच. जुनी माणसं सांगायची, चकवा लागला की चालत राहू नये, आहे तिथं बसावं. भुताखेताचं सोडून द्या. थकलेलं डोकं असंच चालतं, आणि ‘बसावं’ हा सल्ला या परीक्षेला अगदी लागू आहे. अडचण एवढीच की चकवा लागलेल्याला तो लागलाय हे कळत नाही. म्हणून कधी उठायचं हे त्या वेळी ठरवायचं नाही; ते आठवडाभर आधी, शांत डोक्यानं, कागदावर ठरवून ठेवायचं. आम्ही शिकलो ते मुख्यतः एवढंच.

थकव्याचं हे आमच्या मनाचं नाही. १९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक तुलना छापली. सलग सतरा तास जाग्या राहिलेल्या माणसाचं हातडोळ्यांचं काम, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं बिघडतं. चोवीस तासांनी ते साधारण ०.१ टक्क्याइतकं होतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आता हिशोब करा. सकाळी सहाला उठलेली बाई रात्री अकराला सतरा तास जागी असते. त्यापुढं ती ज्या डोक्यानं परीक्षा देते, त्या डोक्यानं तिला कुणी स्कूटीसुद्धा चालवू देणार नाही.

आणि हे काम पाठांतराचं नाही. शेकडो ओळींतून एक वेगळी ओळ दिसावी लागते. ज्वारी निवडताना खडा दिसतो तशी. पहाटे तीनला खडा दिसत नाही.

म्हणून नापास झालेल्या मैत्रिणीनं दुसऱ्या वेळी झोप आधी मांडली आणि काम उरलेल्या जागेत बसवलं. सुरुवातीची वेळ आपल्याला मोकळ्या वेळांतून निवडता येते, चांगल्या वेळा लवकर भरतात, म्हणून तारीख बरीच आधी घ्या. तिनं सकाळी नऊची घेतली. नऊ ते एक काम, पाऊण तास जेवण. पावणेदोन ते साडेपाच काम, अर्धा तास गच्चीवर चहा. सहा ते साडेआठ काम, पाऊण तास जेवण. सव्वानऊ ते पावणेबारा काम. मग सगळं बंद, साडेपाचपर्यंत झोप. साडेपाच ते पावणेनऊ शेवटचा टप्पा. बेरीज करून बघा, एवढं झोपून, जेवून, चहा पिऊनही कामाचे सोळा तास होतात. सोळा तास म्हणजे ऑफिसचे दोन पूर्ण दिवस. वेळ कमी पडतो म्हणून या परीक्षेत नापास झालेली आम्ही तरी फारशी पाहिली नाहीत. वेळ एकाच ठिकाणी सांडलेल्या मात्र पाहिल्या.

परीक्षेभर कॅमेरा चालू असतो, आपला स्क्रीन त्यांना दिसत असतो. पण खुर्चीला बांधून ठेवत नाहीत. पाहणाऱ्या माणसाला चॅटवर लिहायचं, मी उठतेय. परत आल्यावर लिहायचं, आले. जेवायला, झोपायला, बाथरूमला, कितीही वेळा. घड्याळ मात्र थांबत नाही. आमच्यातल्या एकीला पहिल्या दोन तासांत उठायचा संकोच वाटत होता, कोणी बघतंय म्हणून. तिनं पाणीच कमी प्यायलं. दुपारी डोकं दुखायला लागलं. पाहणाऱ्यांचं रोजचं कामच हे आहे, तुम्ही किती वेळा उठलात याचं त्यांना काही नसतं. भरपूर पाणी प्या आणि उठा.

जागं असताना वेळ कसा वाटायचा? पहिला अर्धा तास सूचना वाचण्यात घालवा, अगदी दोनदा वाचा. मग सगळ्या सुट्या मशीनचं स्कॅन लावून द्या. स्कॅन म्हणजे त्या मशीनची कुठली कुठली दारं उघडी आहेत ते पाहणं. सगळी दारं तपासायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण हात बांधून बसायचं नसतं. कुकर लावून आपण कणीक मळायला घेतो, तसं ते मागं चालू ठेवून चाळीस गुणांच्या संचाला हात घालायचा. दुपारी सुट्या मशीनकडं याल तोवर त्यांची यादी तयार असते.

सुट्या मशीनला आम्ही एकेक तासाचा नियम लावला. तासाचा गजर, मोबाइलचा नाही, ओट्यावर असतो तो साधा टायमर. गजर झाला की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: या तासात मला नवीन काय कळलं? ‘मी जवळ आलेय’ हे उत्तर धरायचं नाही. नवीन नाव, नवीन पासवर्ड, नवीन फाइल, नवीन आवृत्तीचा आकडा, असं बोट ठेवून दाखवता आलं तरच आणखी एक तास. नाहीतर पुढच्या मशीनकडं. जाताना तीन ओळी लिहायच्या: काय पाहिलं, काय करून झालं, काय राहिलं. या तीन ओळी फार महत्त्वाच्या आहेत. त्या नसल्या की परत आल्यावर माणूस पहिल्यापासून सुरू करतं, आणि तोच चकवा. आमच्या नापास मैत्रिणीच्या नोंदीत ते नाव होतं, पण ‘हे अजून वापरून पाहायचं आहे’ अशी ओळ नव्हती.

सोडून जाणं जड जातं, हे कबूल करतो. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठू नये. भांडी अर्धी टाकून कोण उठतं? या परीक्षेत मात्र अर्ध्यावरून उठणारी जिंकते, कारण तीन तासांनी परत आल्यावर तेच मशीन वेगळं दिसतं. कधी कधी तर मशीनच बिघडलेलं असतं. एखादी गोष्ट पुस्तकाप्रमाणं करूनही उत्तर वेडंवाकडं येत असेल तर मशीन मूळ स्थितीला आणायचं बटण असतं, ते दाबून पाहा. ते ठरावीक वेळाच वापरता येतं, पण जपून ठेवून त्याचं लोणचं घालायचं नसतं.

आता पुराव्याचं. मशीनमध्ये शिरल्याचा पुरावा म्हणून तिथल्या एका छोट्या फाइलमधला मजकूर वाचायचा असतो. तो दिलेल्या पानावर भरायचा, आणि शिवाय स्क्रीनशॉट घ्यायचा. त्यात तो मजकूर आणि त्या मशीनचा आयपी पत्ता दोन्ही दिसले पाहिजेत. चित्र चुकलं तर मेहनत वाया जाऊ शकते, कारण तपासणारा समोर बसलेला नाही, त्याला तुमची चित्रं आणि रिपोर्टच दिसणार. आमच्यातल्या तिसरीनं रात्री पावणेबाराला सत्तर पूर्ण केले आणि आनंदानं झोपायला गेली. शेवटचा तास तिनं आधीच्या ठरावाप्रमाणं फक्त तपासणीला ठेवला होता. सकाळी आठला तिला दिसलं की एका चित्रात पत्ताच आलेला नाही. मशीन तोवर मूळ स्थितीला गेलेलं. पुन्हा पहिल्यापासून आत शिरावं लागलं. पण प्रत्येक आज्ञा तिनं नोंदीत जशीच्या तशी उतरवलेली होती, त्यामुळं काम पंचवीस मिनिटांत झालं. हात थरथरत होते म्हणे. तो तास तिनं ‘अजून एक मशीन बघू’ म्हणून वापरला असता तर आज तिची गोष्ट वेगळी असती.

चॅटजीपीटीसारख्या यंत्रांना विचारायला परीक्षेत बंदी आहे, आणि मेटास्प्लॉइट नावाचं तयार हत्यार एकाच मशीनवर चालवता येतं. तेव्हा अभ्यासात त्यांच्यावर टेकून राहू नका, एवढंच.

खाण्याचं आमचं मत पक्कं आहे. त्या दिवशी नवीन काही नाही. भाताचं ताट दुपारी भरून खाल्लं की तीन वाजता डोळे मिटतात, हे आपल्याला रविवारच्या अनुभवानं ठाऊक आहे. ज्वारीची भाकरी, एखादी उसळ, ताक. मधे शेंगदाणे-गूळ, केळं, थालीपीठाचा तुकडा. चहाकॉफीचं मात्र नीट ऐका. त्यातल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं दोन वाजता अंगात असतं, आणि आपण बाराला झोपायला गेलेलो असतो. ज्या बहिणी गर्भनिरोधक गोळ्या घेतात त्यांच्या शरीरात हा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. हे आम्हाला कुठल्याही परीक्षेच्या सल्ल्यात वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगतो. आम्ही शेवटचा चहा साडेपाचला ठेवला. ज्यांना पाळीचा पहिलादुसरा दिवस जड जातो त्यांनी तारीख घेतानाच कॅलेंडर बघावं, यात लाजण्यासारखं काही नाही. आणि अभ्यास करून करून आदल्या रात्री जागणं म्हणजे परीक्षेच्या रात्रीची झोप आधीच खर्च करणं. आदल्या दोन रात्री लवकर झोपा.

दुपारी डुलकी लागत असेल तर वीस मिनिटांची घ्या, गजर लावून. त्याहून लांबली आणि गाढ झोपेतून उठलात तर पुढचा अर्धा तास डोकं जड राहतं.

आता घर. इंग्रजीतले सल्ले वाचले तर ते एकट्या राहणाऱ्या तरुण मुलाला लिहिलेले वाटतात. त्यांत सासू नसते, सिलिंडर नसतो, चार वर्षांचं लेकरू नसतं. आमच्यातल्या एकीनं घरी सांगितलं की शनिवारी सकाळी नऊपासून रविवारी सकाळपर्यंत मी खोलीत आहे, कुणी आत यायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, बाळंतिणीला सुद्धा एवढं कोंडत नाहीत. जेवशील कधी?’

‘आई, एक वाजता दाराबाहेर येईन. तुमच्यासोबतच जेवीन.’

‘आणि रात्री?’

‘पावणेबाराला झोपायला बाहेर. नाही आले तर दार वाजवा.’

सासूबाईंनी हे मनावर घेतलं. त्यांनी तरुणपणी लग्नघरात रात्ररात्र पुऱ्या तळल्या आहेत. त्या म्हणाल्या, ‘आम्ही पाळीपाळीनं पडायचो. जी म्हणायची मला नाही झोप आली, तिच्या हातून हमखास तेल सांडायचं.’ इथं पाळी घेणारी दुसरी नसते, म्हणून ती पाळी सासूबाईंनी घड्याळाकडून घेतली. रात्री बाराला पाच मिनिटं असताना दार वाजलं. सून त्या वेळी ‘फक्त दहा मिनिटं’ म्हणणारच होती. दार वाजलं म्हणून उठली. तिला झोप लगेच लागली नाही, पण अंधारात पडल्यापडल्या दुपारच्या मशीनवरचं एक राहिलेलं दार आठवलं. तिनं उठून ते केलं नाही. उशाशी ठेवलेल्या कागदावर एक शब्द लिहिला आणि झोपली. सकाळी सहाच्या आत ते सुटलं.

सगळ्यांच्या घरी असं होत नाही, हेही आम्हाला माहीत आहे. आमच्यातल्या एकीला घरी एक दिवस मागणं इतकं अवघड गेलं की ती परीक्षेसाठी बहिणीकडं गेली, लेकराला मावशीजवळ सोडून. दीड लाखाच्या घरातली फी, अभ्यासक्रमासह. एवढे पैसे एका बाईच्या शिक्षणावर घालायचे म्हटल्यावर घरात काय काय बोललं जातं ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळं नापास होण्याची भीती मुलांपेक्षा आपल्याला जास्त असते, आणि त्या भीतीपोटीच आपण खुर्चीतून उठत नाही, जेवत नाही, झोपत नाही. म्हणजे ज्या भीतीमुळं जागतो, त्या जागण्यानंच नापास होतो. पुन्हा बसायचं तर पहिल्या अपयशानंतर चार आठवडे थांबावं लागतं आणि फी २४९ डॉलर, म्हणजे वीस हजारांच्या वर. रक्कम लहान नाही, पण दीड लाख पुन्हा भरावे लागत नाहीत. हे घरच्यांना आणि स्वतःला आधीच सांगून ठेवलं तर त्या रात्री डोकं थोडं हलकं राहतं.

विजेचंही बघा. खेड्यात आणि तालुक्याला वीज कधी जाईल सांगता येत नाही. इन्व्हर्टर, चार्ज केलेला लॅपटॉप, आणि घरच्या जोडणीशिवाय दुसऱ्या कंपनीचं मोबाइल इंटरनेट, एवढं तयार ठेवा आणि आधी एकदा बदलून पाहा. ऐन वेळी पासवर्ड शोधायला लागू नये.

सरावाबद्दल: अभ्यासक्रमात परीक्षेसारखे तीन संच असतात. ते तुकड्यातुकड्यानं सोडवू नका. एक तरी संच एका रविवारी, सकाळी नऊला बसून, त्याच टायमरवर, त्याच जेवणाच्या वेळा धरून सोडवा, आणि रिपोर्टही लिहा. आम्ही तसं केलं तेव्हा कळलं की एकीची कंबर सहा तासांत धरते. तिनं खुर्ची बदलली. दुसरीला कळलं की ती दुपारी दोन ते चार अगदी मंद असते. तिनं त्या दोन तासांत अवघड मशीन घ्यायचं नाही, नोंदी आणि चित्रं लावायची, असं ठरवलं. तुमचे मंद तास वेगळे असतील. ते पुस्तकात नाही सापडत.

पावणेनऊ वाजता जोडणी तुटते. मग रिपोर्ट. त्याला पुढचे २४ तास आहेत, तेव्हा लगेच लिहायला बसू नका. आंघोळ, नाश्ता, तीन-चार तास झोप, मग. रिपोर्ट असा हवा की वाचणाऱ्यानं त्याच पायऱ्या करून तिथंच पोचावं. पोह्यांची कृती सांगताना आपण ‘पोहे भिजवा’ म्हणतो, पण किती वेळ ते सांगत नाही, तसं इथं चालत नाही. आज्ञा, तिचं उत्तर, चित्र, पुढची आज्ञा. फाइल पीडीएफमध्ये, मग त्यांनी सांगितलेल्या प्रकारात बांधून, त्यांनी सांगितलेल्याच नावानं चढवायची. संध्याकाळी सातपर्यंत चढवून टाका, दुसऱ्या सकाळची वाट पाहू नका. चढवण्याआधी कुणाला तरी शेजारी बसवून फाइलचं नाव मोठ्यानं वाचायला लावा. निकाल ईमेलवर येतो, दहा कामकाजाच्या दिवसांच्या आत.

आमच्या नापास झालेल्या मैत्रिणीला दुसऱ्या वेळी ऐंशी गुण मिळाले. चौथीची परीक्षा आता जवळ आली आहे. तिची यादी आम्ही चौघींनी मिळून केली, आणि त्यात सगळ्यात वर तिच्या सासूबाईंनी सांगून लिहवून घेतलंय: शुक्रवारी रात्री दाराच्या बेलचं बटण बंद करणे, दूधवाल्याला सांगणे.